चक्रीवादळाआधी छपराची तयारी : कोकणातील कौलारू आणि पत्र्याच्या घरांसाठी

सागरतीर_श्रीवर्धन

दरवर्षी शिमगा उलटला की आपल्याकडे घर शाकारण्याचे काम निघते. फुटकी कौले बदलली जातात, कोन्यांच्या, म्हणजे आढ्यावरच्या कौलांच्या, भेगा सिमेंटने बुजवल्या जातात, पन्हळी साफ होतात, आणि पाऊस घरात येणार नाही एवढी खात्री पटली की माणसे आगोटीच्या पुढच्या कामांकडे वळतात. ही सारी तयारी वरून पडणाऱ्या पाण्यासाठी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा आदल्याच महिन्यात नीट शाकारलेली घरेसुद्धा उघडी पडली, कारण छपराला त्या दिवशी वाऱ्याने खालून आणि वरून असे दोन्हीकडून उचलले, आणि उचलले जाण्याविरुद्ध आपल्या बहुतेक छपरांत स्वतःच्या वजनाखेरीज दुसरी काही योजनाच नसते.

आमच्या वाडीत त्यानंतर घरोघरी पाहणी केली, तेव्हा नुकसानीत एक क्रम दिसला. कौलारू घरांत आढ्यावरचे कोने आणि वळचणीची शेवटची ओळ आधी गेली होती, आणि मधली कौले बहुधा नंतर, एकदा वाऱ्याला शिरायला वाट मिळाल्यावर. पत्र्याच्या घरांत पडवीचा पत्रा सुटला आणि जाताना मुख्य छपराचा पत्रा सोबत घेऊन गेला, असे पुष्कळ ठिकाणी झाले होते. ज्या घरांचे वासे पाटाला, म्हणजे भिंतीच्या डोक्यावरच्या आडव्या लाकडाला, नुसत्या एकेका खिळ्याने धरलेले होते, तिथे कौलांसकट वासेच जागचे हलले.

वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि गुजरातमध्ये धडकले, तरी सिंधुदुर्गापासून वरपर्यंत त्याने छपरे उडवली. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले होते. म्हणजे अरबी समुद्रातील वादळांचे दोन काळ आपल्याला धरून चालले पाहिजेत, एक पावसाच्या तोंडावर आणि दुसरा पाऊस सरल्यावर. माझे म्हणणे असे की शाकारणीच्या कामातच बांधणीची तपासणी कायमची जोडून घ्यावी, कारण सुतार तेव्हा वर चढलेलाच असतो आणि कौले उतरवलेलीच असतात. ती तपासणी नेमकी कशाची असावी आणि मोजकेच पैसे असतील तर आधी काय करावे, यावर येथील जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चिऱ्याची_भिंत

मी रत्नागिरीत स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो. आधी थोडे आकडे देतो, कारण ते समजले की पुढची कामे का करायची हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० कि.मी.चा वारा ताशी १२० कि.मी. झाला, तर दाब दुप्पट न होता चौपट होतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागातील सूत्राने ताशी १२० कि.मी. वेगाला दर चौरस मीटरमागे साधारण ६८ किलो दाब येतो. वारा छपरावरून वाहताना वरच्या बाजूला ओढ निर्माण होते, आणि कडांवर, कोपऱ्यांवर व आढ्याजवळ ही ओढ मधल्या भागाच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. आपण पाहिलेला क्रम म्हणूनच तसा होता.

आता दुसऱ्या बाजूचे आकडे पाहा. मंगळुरी कौलांचे रिपांसह (कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांसह) वजन चौरस मीटरला ६० ते ६५ किलोच्या आसपास भरते, तर अर्धा मिलीमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे जेमतेम चार-पाच किलो. म्हणजे कौलारू छप्पर मधल्या भागात कसेबसे तग धरते (कौलांच्या फटींतून हवा जात असल्याने थोडी सूटही मिळते), पण कडांवर त्याचे वजन पुरत नाही. पत्र्याच्या बाबतीत वजनाचा विचारच सोडून द्यावा. पत्रा टिकतो तो केवळ त्याच्या बोल्टांवर, आणि बोल्ट टिकतो तो ज्या पट्टीत किंवा पाइपात बसवला आहे तिच्यावर.

यात घराच्या आतला दाबही मिळतो. वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी फुटली की हवा आत कोंडते आणि छपराला खालून रेटते. म्हणून खिडक्यांचे अडसर आणि दारांच्या कड्या हा छपराच्याच तयारीचा भाग समजावा. पलीकडच्या बाजूची एखादी खिडकी मुद्दाम उघडी ठेवावी, असा सल्ला जुनी माणसे देतात, पण तो मी देणार नाही. वादळ सरकते तशी वाऱ्याची दिशा बदलते, आणि तासाभरापूर्वीची आडोशाची खिडकी वाऱ्यासमोर येते. सगळ्या खिडक्या बंद ठेवाव्यात.

आणखी एक बाब नव्याने घर बांधणाऱ्यांसाठी. या मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ कि.मी. धरलेला आहे. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठी जो वाढीव गुणक आला, तो मात्र पूर्व किनारा आणि गुजरात किनारा डोळ्यांसमोर ठेवून आला. त्यामुळे कोकणातील आराखड्यात तो आपोआप येत नाही. आपण आपल्या अभियंत्याला तो विचारात घ्यायला सांगू शकता, आणि निसर्गनंतर तसे सांगणे मला रास्त वाटते.

सुतारपेठ_दापोली

आमच्या घरात सुतारकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वर जी तपासणी विचारली आहे, ती मी हाताने कशी करतो ते लिहितो.

सर्वांत आधी वाशांची टोके पाहावीत. वासा मधोमध क्वचित खराब होतो, तो खराब होतो तो भिंतीवर टेकलेल्या ठिकाणी, कारण तिथे ओल धरते आणि वाळवीलाही तीच वाट सोयीची असते. वरून रंग दिलेला असेल तर डोळ्यांना काही कळत नाही. टोच्या किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक टोकाला टोचून पाहावे. तो सहज आत गेला, तर त्या वाशाला कितीही चांगली पट्टी मारली तरी खिळा धरणार नाही. अशा वाशाच्या बाजूला नवा तुकडा जोडून दोघांना आरपार बोल्ट मारावा, नाहीतर वासाच बदलावा. ऐन किंवा किंजळाचा जुना वासा बहुतेक वेळा ठणठणीत निघतो. त्रास देतात ते मागाहून डागडुजीत घातलेले कच्च्या लाकडाचे तुकडे.

त्यानंतर जोड. जुन्या घरांत वासा पाटावर टेकवून वरून एक खिळा ठोकलेला असतो. वजन खाली पेलायला तो पुरतो, पण छप्पर उचलले गेले तर तो खिळा सरळ उपसून निघतो, कारण खेच त्याच्या लांबीच्याच दिशेने लागते. यावर उपाय स्वस्त आहे. दोन-अडीच मिलीमीटर जाडीची लोखंडी पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून, वाकवून व जस्त चढवून घ्यावी, ती वाशाच्या वरून घेऊन दोन्ही बाजूंनी पाटावर उतरवावी आणि आडवे खिळे किंवा स्क्रू मारावेत. वर उचलण्याचा ताण मग खिळ्यांवर आडवा येतो. आढ्यापाशी समोरासमोरचे दोन वासे भेटतात, तिथेही अशीच पट्टी आढ्यावरून टाकावी. कौले उतरलेली असताना हे काम फार लवकर होते.

कौलांच्या बाबतीत लोक एक गोष्ट विसरले आहेत. मंगळुरी कौलाच्या पाठीला, खालच्या अंगाला, एक छोटा भोक असलेला कान असतो. तो तारेने रिपेला बांधण्यासाठीच ठेवलेला आहे. मला तार ओवलेली कौले फार थोड्या घरांत आढळतात. सगळे छप्पर बांधणे परवडत नसेल तर वळचणीच्या दोन-तीन ओळी, दोन्ही बाजूंच्या कडा आणि आढ्याजवळची ओळ एवढी तरी तांब्याच्या किंवा जस्त चढवलेल्या तारेने बांधून घ्यावी. साधी काळी तार समुद्राजवळ गंजून तुटते. कोने नुसते अडकवून ठेवू नयेत, चुन्यात किंवा सिमेंटात पूर्ण बसवावेत आणि त्याआधी जुना सुटलेला माल काढून टाकावा. वरून लेप मारला तर भेग झाकली जाते आणि कोना सुटाच राहतो.

मुंबई_ते_मंडणगड

आमच्याकडे माकडांनी कौले हलवून आणि फोडून फार त्रास दिला, म्हणून निसर्गनंतर घरावर पत्रे घातले. आता वरचे आकडे वाचून काळजी वाटू लागली आहे. गावातले काही जण पत्र्यावर वाळूची पोती आणि जांभे दगड ठेवतात. त्याचा उपयोग होतो का? घर वर्षातील बहुतेक काळ बंद असते, हेही सांगतो.

चिऱ्याची_भिंत

दगड आणि पोत्यांवर विसंबू नये. वरच्या हिशेबाने दहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद पत्र्याला ताशी १२० कि.मी.च्या वाऱ्यात दीडशे किलोच्या आसपास ओढ बसते, कडेच्या पत्र्याला त्याहून अधिक. तेवढे दगड प्रत्येक पत्र्यावर चढवले तर खालचे पाइप वाकतील, आणि पत्रा उचलला गेलाच तर ते दगड माणसांच्या अंगावर येतील.

पत्र्याच्या छपरात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हुक. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा जे-हुक पाइपाला एकाच बाजूने धरतो, आणि मोठ्या ओढीत तो उघडून सरळ होतो. वादळी भागासाठी त्याऐवजी पाइपाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा यू-बोल्ट वापरतात. सगळे बदलणे जमत नसेल तर वळचण, आढे आणि दोन्ही कडा येथील हुक आधी बदलावेत आणि तिथले अंतर मधल्या भागाच्या निम्मे करावे. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू असतील तर वायसराचे रबर उन्हाने तडकले आहे का ते पाहावे, आणि स्क्रूच्या भोवती पत्र्याचे भोक मोठे झाले असेल तर तोच स्क्रू पुन्हा आवळू नये, शेजारी नवा मारून जुने भोक बुजवावे. पत्रा बोल्टासकट निघतो असे नेहमी होत नाही, कित्येकदा बोल्ट जागेवर राहतो आणि पत्रा त्याच्याभोवती फाटून निघून जातो. मोठ्या वायसराचे महत्त्व त्यासाठी आहे.

दुसरी, गंज. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात बोल्टाचे डोके वरून ठीक दिसते आणि दांडा आतून बारीक झालेला असतो. प्रत्येक बाजूचा एखादा बोल्ट काढून पाहिल्याखेरीज खात्री देता येत नाही. नवे घ्याल ते जाड जस्ताच्या मुलाम्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते, ती म्हणजे पाइप भिंतीला कसे धरले आहेत. चिऱ्यात नुसता फास्टनर ठोकला तर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण चिरा ज्याचा असतो तो जांभा दगड सच्छिद्र असतो. चार मीटर रुंद खोलीच्या पत्र्याच्या छपरामुळे भिंतीच्या प्रत्येक मीटरला दीडशे किलोच्या आसपास वर खेच येऊ शकते. फूटभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीत फूटभर उंचीचा थर मीटरमागे साधारण तेवढाच भरतो. म्हणजे नांगर बोल्ट (पाइप भिंतीला धरणारा बोल्ट) फक्त वरच्या एका थरात असेल, तर तो थरच छपरासोबत उचलला जाण्याची शक्यता आहे. दांडा दोन-अडीच फूट खोल, खाली आडवी पट्टी देऊन काँक्रीटमध्ये बसवावा. नव्या घरात भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटचा सलग पट्टा घालून त्यातूनच सळ्या वर सोडाव्यात.

राहिला प्रश्न बंद घराचा. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना खिडक्यांचे अडसर, पन्हळी आणि छपरावर टेकलेल्या फांद्या एवढे एप्रिलमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरअखेर पाहायला सांगा, आणि छायाचित्रे मागवा. छपराची आतून-बाहेरून काढलेली दिनांकासहित छायाचित्रे पुढे पंचनाम्यालाही उपयोगी पडतात.

टॅम्पाहून_एक_मराठी

मी फ्लोरिडात राहतो आणि माझे आजोळ मुरूडला आहे, त्यामुळे दोन्हीकडची छपरे जवळून पाहिली आहेत. येथे हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा ठरलेला आहे. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू हे हरिकेन मायामीच्या दक्षिणेकडील भागावर आदळले आणि तिथे हजारो घरांची छपरे गेली. पाहणीत आढळले की कित्येक घरांत छपराच्या प्लायवूडला खिळे कमी होते किंवा नुसत्या स्टेपल होत्या, आणि छप्पर भिंतीला पुरेसे बांधलेले नव्हते. त्यातून दक्षिण फ्लोरिडाचे नियम कडक झाले आणि २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली.

दापोलीच्या सुतारांनी सांगितलेली पट्टी हीच येथील तयारीचा कणा आहे. येथे ती तयार मिळते आणि प्रत्येक वाशाला बसवावी लागते. विम्यासाठी तपासनीस येतो तेव्हा तो माळ्यावर चढून वासा भिंतीला तिरप्या खिळ्यांनी धरला आहे, एका बाजूच्या पकडीने धरला आहे की वरून गुंडाळलेल्या पट्टीने, याची नोंद करतो, आणि त्यावर हप्त्यातील सवलत ठरते. छपराचा आकारही नोंदवला जातो. चारही बाजूंना उतार असलेल्या छपराला सवलत मिळते, कारण त्याला वाऱ्यासमोर उभी राहणारी त्रिकोणी भिंत नसते. आपल्याकडील जुनी चौपाखी घरे या बाबतीत दुपाखी घरांपेक्षा सरस आहेत, आणि ती मोडून सपाट उताराची पत्र्याची शेड उभारली जाते तेव्हा मला वाईट वाटते.

येथून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. वरचे आवरण उडाले तरी पाणी आत येऊ नये म्हणून प्लायवूडच्या सांध्यांवर चिकटपट्टी लावतात. कौलांखाली फळ्या ठोकलेल्या असतील, तर त्यांच्यावर जलरोधक पडदा नीट खिळून मग रिपा मारता येतील. वादळाच्या रात्री काही कौले गेली, तरी घरातील धान्य आणि कागदपत्रे कोरडी राहतील.

देवगडची_लेक

आमच्या भागात आता कौलांपेक्षा स्लॅब अधिक झाले आहेत, आणि प्रत्येक स्लॅबवर गळती थांबवण्यासाठी पत्र्याची शेड आहे. तौक्तेत आमच्या परिसरात सर्वांत जास्त उडाल्या त्या या शेडच. खाली पक्के घर असल्यामुळे घरमालक निर्धास्त असतो आणि शेडचे खांब स्लॅबवर नुसत्या चार फास्टनरांवर उभे असतात. शेड चारही बाजूंनी उघडी असल्याने वारा खालूनही मोकळा शिरतो, आणि ती उंचावर असल्यामुळे तिला वारा जमिनीवरच्या घरापेक्षा अधिक लागतो. उडालेला पत्रा आपल्या घरावर पडत नाही, तो शेजाऱ्याच्या कौलांवर किंवा विजेच्या तारांवर पडतो. शेडच्या खांबांना तिरपे आधार द्यावेत, खांबांच्या तळाच्या पट्ट्या स्लॅबमधून आरपार बोल्टने धराव्यात किंवा तुळईवर घ्याव्यात, आणि ते शक्य नसेल तर निदान शेडखाली ठेवलेल्या रिकाम्या पेट्या, टाक्यांची झाकणे, प्लॅस्टिकची पिंपे मेच्या मध्यापूर्वी खाली उतरवावीत. पाण्याची रिकामी टाकीसुद्धा उडते, म्हणून ती भरून ठेवावी.

झाडांविषयीही लिहिते. घरावर झुकलेल्या माडाच्या सुक्या झावळ्या, नारळ आणि आंब्याच्या वाळक्या फांद्या वेळीच उतरवाव्यात. परंतु भीतीपोटी घराभोवतीची सगळी झाडे तोडू नयेत. किनाऱ्याकडील सुरूची आणि इतर झाडांची दाट रांग वाऱ्याचा जोर मोडते, आणि ती गेली तर तोच वारा थेट छपरावर येतो.

सागरतीर_श्रीवर्धन

सर्वांनी फार मोलाचे लिहिले आहे. पडवीचा मुद्दा अजून राहिला आहे. मुख्य छपराचेच वासे पुढे लांबवून पडवी झाकली असेल, तर त्या लांबलेल्या भागाखाली वारा अडकतो आणि सगळे छप्पर उचलू पाहतो. यावर काय करावे?

चिऱ्याची_भिंत

पडवीचे छप्पर शक्यतो वेगळे करावे, म्हणजे मुख्य भिंतीपाशी सांधा तोडून पडवीला स्वतंत्र वासे आणि स्वतंत्र आधार द्यावा. मग वादळात पडवी गेली तरी माजघर वाचते. वळचण दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नये. पावसाच्या झडीसाठी ती मोठी हवी असते हे मला मान्य आहे, त्यामुळे जिथे मोठी ठेवायचीच आहे तिथे खालून फळ्यांचे छत ठोकून पोकळी बंद करावी आणि टोकाकडे तिरपे टेकू द्यावेत.

सुतारपेठ_दापोली

गळतीसाठी कौलांवर निळी ताडपत्री पसरून दोरीने बांधण्याची पद्धत वाढली आहे. वादळाची सूचना आल्यावर ती आधी काढावी, कारण तिच्याखाली वारा भरला की ती कौलेही ओढून नेते. कोरडी घडी करून घरात ठेवा, तिची खरी गरज दुसऱ्या दिवशी लागते.

आणि सिमेंटच्या पत्र्यांवर कोणीही सरळ पाय ठेवू नये. जुना सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो आणि वजनाने एकदम तुटतो. आडवी शिडी किंवा रुंद फळी पाइपांवर टेकेल अशी टाकून तिच्यावरूनच सरकावे, आणि ओल्या छपरावर तर अजिबात चढू नये.

मुंबई_ते_मंडणगड

हवामान खात्याची सूचना आल्यानंतर गावी जाऊन यातील काय करता येईल?

चिऱ्याची_भिंत

हवामान खाते ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा आणि २४ तास आधी इशाऱ्याचा संदेश देते. एवढ्या वेळात सुतार मिळत नाही आणि दुकानात बोल्टही उरत नाहीत. तेव्हा सुट्या वस्तू आत घेणे, टाकी भरणे, खिडक्या बंद करणे, ताडपत्री उतरवणे आणि झोपण्याची जागा स्लॅबखालच्या खोलीत हलवणे इतकेच करावे. स्लॅब नसेल तर शाळा किंवा ग्रामपंचायतीने ठरवलेल्या पक्क्या इमारतीत जावे. वादळाचा मध्य गावावरून गेला तर वारा अचानक पडतो. त्या शांततेत कोणी छपराची कौले सारखी करायला वर चढू नये, कारण थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.

सागरतीर_श्रीवर्धन

आमच्या वाडीपुरते असे ठरवले आहे : पट्ट्या एकाच फॅब्रिकेशनवाल्याकडून सर्व घरांसाठी मिळून कापून घ्यायच्या, यू-बोल्ट आणि तार घाऊक आणायची, आणि सुताराला शिमग्याआधीच सांगून ठेवायचे. ज्या घरांत एकटी म्हातारी माणसे राहतात, त्या घरांच्या वळचणी आणि कडा पहिल्या आठवड्यात बांधून घ्यायच्या. पट्टीचे माप आणि भोकांची जागा यांचा कच्चा आराखडा सुतारपेठ यांनी येथे टाकला, तर दुसऱ्या वाड्यांनाही तो वापरता येईल.

सुतारपेठ_दापोली

वासा तीन इंची असेल तर पट्टी सव्वा इंच रुंद आणि दीड फूट लांब घ्यावी, जाडी वर दिली आहे तीच. दोन्ही टोकांना प्रत्येकी चार भोके, एका रेषेत न ठेवता वरखाली, म्हणजे पाटाचे लाकूड चिरत नाही. भोके जस्त चढवण्याआधी पाडून घ्यावीत, नाहीतर तिथूनच गंज सुरू होतो. आराखडा काढून उद्या येथे लावतो.